दोन नंबरच्या खोलीतली आत्या

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि लिंदेल्वा म्बेकेनी दोन नंबरच्या खोलीत खुर्च्या लावत होती. खुर्च्या अगदी समोरासमोर ठेवायच्या नसतात. जराशा तिरक्या ठेवायच्या, म्हणजे बोलणाऱ्याला नजर चुकवावीशी वाटली तर चुकवता येते. स्टुलावर पाण्याचा जग ठेवला, शेजारी टिश्यूचा डबा ठेवला आणि खिडकीत छोटा रेकॉर्डर लावला. झ्विडे वस्तीतल्या या दवाखान्यात पूर्वी इथे औषधांची खोकी असत. आता गुरुवारी ही खोली मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची असते. समुद्रावरचा वारा छताचा पत्रा वाजवत होता.

नऊ वाजता नोझिझ्वे मफानी येणार होत्या. पुढच्या गुरुवारपासून आपण त्यांच्या समुपदेशक नसू, हे लिंदेल्वाला त्यांना सांगायचं होतं. एवढंच असतं तर जमलं असतं. आपण आता त्यांची भाचीही नसू, हेही सांगायचं होतं.

लिंदेल्वा एकतीस वर्षांची. घर एन्गकोबोच्या डोंगरातलं, म्हणजे आईच्या माणसांचं. वडील ती पहिलीत असताना वारले आणि त्यांच्याकडचं कुणी नंतर दारात आलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या या गेबेऱ्हा शहरात तिने सहा वर्षं एका कॉल सेंटरमध्ये लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पदवी बाहेरून केली आणि मग ऑनर्सच्या वर्षाला प्रवेश मिळवला. या वर्षातलं प्रत्यक्ष काम पुरं झालं, त्यावर प्राध्यापकांची सही मिळाली, नोंदणी करणाऱ्या परिषदेची परीक्षा पार पडली, की नाव नोंदलं जातं. मग दारावर 'नोंदणीकृत समुपदेशक' अशी पाटी लावता येते. सही नाही मिळाली तर पाटी नाही आणि वर्ष वाया.

ती एका घराच्या परसातल्या खोलीत भाड्याने राहते. भिंतीपलीकडे मालकिणीचा टीव्ही चालू असतो, त्यामुळे मालिकेत कुणाचं लग्न मोडलं हे तिला न बघता कळतं. रविवारी ती कपडे धुते. कधी कधी अख्ख्या रविवारात ती दुकानदाराशी पावाबद्दल बोलते तेवढीच. वर्गातही फार वेगळं नाही. पुढे मास्टर्सच्या जागा मोजक्या, त्यामुळे सगळे एकमेकांशी सभ्यपणे वागतात आणि नोट्स कुणी कुणाला देत नाही. तिच्या शेजारी बसणारा म्झुकिसी एकदा म्हणाला होता, "इथे सगळे ऐकायला शिकतायत. बोलणार कोण?" वर्ग हसला आणि पुन्हा आपापल्या फोनकडे वळला.

नोझिझ्वेबाई एप्रिलमध्ये पहिल्यांदा आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, वय एकसष्ट. नवरा गेल्यावर वर्षभर काळे कपडे घातले. ते वर्ष संपलं, रिवाजाप्रमाणे कपडे जाळले, आणि त्या दिवसापासून चर्चच्या बायकांचं येणं थांबलं. झोप उडाली, रक्तदाब वाढला, म्हणून नर्सने इकडे पाठवलं. लिंदेल्वाने गुप्ततेचे नियम समजावले, रेकॉर्डिंगची परवानगी घेतली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तू कुणाची?"

वर्गात या प्रश्नाचा सराव झाला होता. प्रश्न हळूच परत करायचा: हे जाणून घेणं तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं? वाक्य लिंदेल्वाच्या जिभेवर होतं. पण खोसा जमातीच्या माणसाला कूळ विचारलं आणि त्याने सांगितलं नाही, तर त्याला घरदार नाही असंच समोरचा समजतो. ती म्हणाली, "माभेले." म्हणजे भेले कुळातली लेक.

बाई खुर्चीतून उठल्या. "खुबोनी! दुंजाने!" त्यांनी टाळ्या वाजवत कुळाची नावं घेतली. "अगं, मीही माभेलेच! मग मघापासून मला मिसेस मफानी, मिसेस मफानी काय लावलंयस? मी तुझी आत्या!"

मग त्या बसल्या आणि वेळ संपेपर्यंत बोलत राहिल्या. नवऱ्याच्या शेवटच्या रात्रीबद्दल त्यांनी पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. महिनाभरात त्यांना झोप लागायला लागली. लिंदेल्वाने आपल्या अहवालात लिहिलं, 'विश्वासाचं नातं लवकर प्रस्थापित झालं.' त्यात खोटं काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये बाईंच्या भावाच्या घरी पूर्वजांचं कार्य निघालं. घरी बियर आंबवली होती, बोकड आणला होता. "कुळाच्या कार्याला कुळाची लेक नको का?" आत्या म्हणाली. "तुला आमंत्रण देत नाहीये मी. तुला कळवतेय." अशा कळवण्याला नाही म्हणायची सोय नसते. लिंदेल्वा शनिवारी गेली. तिथे तिला कुणी काही विचारलं नाही. हातात सुरी दिली आणि कोबीच्या ढिगापुढे बसवलं. आत्याच्या भावाने तिच्या वडलांचं नाव विचारलं, ते तिने सांगितलं. आजोबांचं विचारलं, ते तिला माहीत नव्हतं. ती मान खाली घालून बसली. तो म्हणाला, "त्यात काय लाजायचं? शोधू की." संध्याकाळी तिने भांडी घासली. निघताना कुणीतरी मागून ओरडलं, "माभेले, पुढच्या वेळी स्वतःचा एप्रन आण, माझा भिजवून ठेवलास!" टॅक्सीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आज दिवसभरात तिला लिंदेल्वा म्हणून कुणी हाकच मारली नव्हती.

सोमवारी तिने हे मिसेस तुतानींना सांगितलं. मिसेस तुतानी तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापक. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, त्याही खोसाच.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"भांडी घासलीस?"

"हो."

"म्हणजे पाहुणी म्हणून गेली नव्हतीस. लेक म्हणून गेलीस." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणी बघितलं म्हणून सांगतेयस का?"

"कुणी नाही बघितलं, मॅडम."

"बरं. हे मी लक्षात ठेवीन." मग त्या म्हणाल्या, "मीही कुणाची तरी लेक आहे. भाजीवाली मला माद्लोमो म्हणते, चर्चमध्ये माद्लोमो म्हणतात. खोलीतही कुणी कूळ विचारलं तर मी सांगते. लपवून काय मिळवायचंय? पण लगेच पुढचं वाक्य बोलते. 'आई, इथे मी कामावर आहे.' ते वाक्य तू गिळलंस."

"आता काय करायचं?"

"केस म्झुकिसीकडे जाईल. बाईंना तू स्वतः सांगायचं. खोलीत, रेकॉर्डर चालू ठेवून."

"आणि खोलीबाहेर? मी त्यांची समुपदेशक नसेन, मग भाची म्हणून जायला..."

"नाही. त्या इथे येतायत तोवर नाही. त्यांचं इथलं संपल्यावर दोन वर्षं नाही."

"पण का, मॅडम? मी तर बाजूला झालेली असेन."

"त्या रात्रीबद्दल त्यांच्या मुलाला माहीत नाही ते तुला माहीत आहे. तू ताटावर बसलीस की त्यांना ते आठवणार. मुलगा शेजारी बसलेला असणार. स्वतःच्या घरात त्या बाईला घास गिळता येईल का?"

लिंदेल्वाने आपली वही मिटली.

"नाही सांगितलं तर?" तिने विचारलं.

"तर मी सही करणार नाही. ठरव तू. गुरुवारपर्यंत वेळ आहे."

आणि आता गुरुवार होता. नऊला पाच कमी असताना नोझिझ्वेबाई वाऱ्याने उडालेला स्कार्फ सावरत आत आल्या. हातात फडक्यात बांधलेलं इनॅमलचं भांडं होतं.

"मका आणि घेवडा आहे. रात्रभर शिजवलाय. तुझ्या त्या खोलीत तू पाव खाऊन राहतेस, दिसतंय तोंडावर. भांडं परत आणायचं, हं. मागच्या भाचीने दोन लंपास केलीत."

लिंदेल्वाने रेकॉर्डर सुरू केला. घरी पाठ केलेली वाक्यं तिने पाठ केलेल्या क्रमाने म्हटली. चूक तिची होती, आत्याची नव्हती. कार्याला तिने जायला नको होतं. पुढच्या गुरुवारपासून म्झुकिसी नावाचा विद्यार्थी त्यांच्याशी बोलेल, तो चांगला आहे. आणि तिला घरी येता येणार नाही.

बाईंनी भांडं मांडीवर घेतलं.

"हा म्झुकिसी कुणाचा?"

"कूळ... मी विचारलं नाही कधी."

"बघा! वर्षभर एका बाकावर बसता आणि एकमेकांचं कूळ माहीत नाही. कसली शाळा ही?" मग आवाज उतरला. "कधीपर्यंत यायचं नाही?"

"तुमचं इथलं संपल्यावर दोन वर्षं."

"दोन वर्षं! माझं ब्लडप्रेशर त्या बाहेरच्या सिस्टरला विचार आणि मग दोन वर्षांच्या गप्पा मार. कुणी सांगितलं हे? तुझ्या परिषदेने? ते लोक पूर्वजांच्याही वरचे का?"

"नियम बरोबर आहे," लिंदेल्वा म्हणाली. "तुम्ही मला जे सांगितलंत, त्यासाठी आहे तो."

"मी भाचीला सांगितलं होतं."

"मी तेव्हा तुमची समुपदेशक होते. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

बाईंनी फडक्याची गाठ सैल केली. पत्रा वाजत होता.

"माझ्या भावाने कोमानी गावात फोन लावलेत," त्या म्हणाल्या. "रविवारपासून लावतोय. तिथे एक म्हातारा सापडला. तुझ्या बापाला ओळखायचा, आणि त्याच्या बापालाही. नाव सांगितलंय त्याने. घर कुठे होतं तेही." त्यांनी मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. "विचार मला. काय नाव, ते विचार."

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. विचारायला एकच शब्द पुरला असता. विचारलं असतं तर ती पुन्हा भाची झाली असती, आणि समोरची बाई पुन्हा अशी आत्या, जिला भाचीपुढे तोंड सांभाळावं लागेल. लिंदेल्वाने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवले.

"मिसेस मफानी," ती म्हणाली, "आजची वेळ तुमची आहे. माझ्या कामासाठी नाही. आपण पुढच्या आठवड्याबद्दल बोलू या."

"नको विचारूस तर," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू कुणी घेतली नाही म्हणून परत पिशवीत ठेवावी, तसं त्या बोलल्या.

उरलेल्या वेळात त्या झोपेबद्दल बोलल्या, गोळ्यांबद्दल बोलल्या. म्झुकिसीसमोर बसेन की नाही ते बघू, म्हणाल्या. त्या पोराच्या आईचं वय माझ्याएवढं असेल, त्याला काय काय सांगणार? तरी वेळ मात्र विचारून घेतली: गुरुवारी नऊच ना? लिंदेल्वाने हो म्हटलं. मग त्या उठल्या, फडक्याची गाठ पुन्हा आवळली, भांडं काखेत घेतलं.

दाराशी त्या थांबल्या. कुणाचाही निरोप घेताना त्याच्या कुळाचं नाव घ्यायचं असतं. त्या म्हणाल्या, "येते, सिस्टर," आणि गेल्या.

लिंदेल्वाने खुर्च्या भिंतीला लावल्या, रेकॉर्डर बंद केला. बाहेर म्झुकिसी दहा वाजता येणाऱ्या माणसाची वाट बघत उभा होता. "कसं झालं?" त्याने विचारलं.

"येतील बहुतेक तुझ्याकडे," ती म्हणाली. "आधी कूळ विचारतील. सांग. आणि लगेच सांग की तू कामावर आहेस."

"बरं." तो आत जायला वळला. त्याचं कूळ विचारावं असं तिच्या मनात आलं, पण दहाचा माणूस आला होता आणि म्झुकिसीने दार लावून घेतलं.

उद्या शुक्रवार. शुक्रवारी अकरा वाजता मिसेस तुतानींच्या खोलीत सगळे विद्यार्थी आठवड्याचं एकेक रेकॉर्डिंग लावतात आणि बाकीचे ते ऐकतात. उद्या पहिली पाळी लिंदेल्वाची आहे, आणि लावायचं आहे ते आजचंच.