पापडीची अरुंद आळी

पापडीच्या जुन्या आळीत दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना ओटे, मधून जेमतेम पायवाट. स्कूटरदेखील आत शिरत नाही. हल्ली सुट्टीच्या दिवशी मुंबईची मंडळी ती पाहायला येतात, दारांचे फोटो काढतात. माझ्या पत्नीचे ते माहेर.

मागच्या रविवारी आम्ही फुलपाड्याच्या आमच्या घरून तिकडे गेलो. आळीच्या तोंडाशी ती माझ्या मागे होती. पहिला ओटा आला आणि ती पुढे झाली.

"गे बाय, कवा आलीस?" ओट्यावरच्या बाईने विचारले.

"ही काय, येतेच आहे. पानी दे आधी." पत्नी खळखळून हसली.

आमच्या घरी ती 'पाणी' म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारात तो 'न' माझ्या वाट्याला आला नाही. तसले हसणेही नाही. दोन्ही तिने या आळीसाठी राखून ठेवले आहे. मला ते खपत नाही. हेवा एखाद्या माणसाचा असता, तर निदान भांडता आले असते.

तिच्या वहिनीने मला पाहिले. "जावईबुवा, वाटेत उभं राहू नका. फोटोत आलात तर आळीची शोभा जाईल!"

ओट्यांवरच्या सगळ्या बायका हसल्या. पत्नी सर्वांत मोठ्याने.

ऊन उतरले तेव्हा मी म्हणालो, "निघू या."

"तुम्ही व्हा पुढे."

एकामागोमाग चालायच्या त्या वाटेत मी या बोलण्याचा एकच अर्थ घेतला आणि पुढे झालो. तोंडाशी येऊन वळलो, तर मागे कोणी नव्हते. परत गेलो. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"पुढे व्हा म्हणजे घरी जा," ती म्हणाली. "मी राहते इथे."

"कधी येणार?"

"बघू."

"आणि जेवणाचं?"

वहिनी म्हणाली, "डबा बांधून देऊ, जावईबुवा? का आमची पोरगीच बांधून देऊ?"

पुन्हा हशा. तिने माझ्याबरोबर यावे, एवढेच मला हवे होते. त्या बायकांसमोर ते बोलणे मला जमण्यासारखे नव्हते. शेजारी बसावे, तर ओट्यावर जागा नव्हती आणि कोणी सरकले नाही. मी उभाच राहिलो.

एवढ्यात आतून एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघाली. "वाट द्या, भाऊ."

बाजूला व्हायला जागा नव्हती. तिच्या पुढे पुढे चालत मी आळीबाहेर पडलो.