टेक्नेशियमची गाय

वाशीमच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये पेशंटला टेक्नेशियमचं इंजेक्शन देतो. मग ते शरीरात कुठं जमलं याचा कॅमेऱ्यानं फोटो काढतो. मी तिथली टेक्निशियन. हे टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं. किस्से मात्र वाढतच जातात!

*

टेक्नेशियम शिशाच्या एका जड डब्यातून रोज सकाळी काढावं लागतं. आमच्या धंद्यात त्या डब्याला ‘गाय’ म्हणतात. एकदा डॉक्टर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “गाईचं दूध काढलं का?”

अनसिंगचे एक काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “बाई, त्याच दुधाचा असन त मले काळाच द्या!”

*

रिसोडचे एक शेठजी. जैन, नियमांचे पक्के. सुई पाहून म्हणाले, “यात कंदमूळ तर नाही ना?”

“शेठजी, हे जमिनीत सापडतच नाही. माणसांनी बनवलंय.”

“मग द्या!” म्हणत त्यांनी लगेच बाही वर केली.

*

इंजेक्शननंतर अंगातून थोडं रेडिएशन निघतं, म्हणून त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतो. एका सासूबाईंना हे सांगितलं. घरी सून गरोदर होती.

दुसऱ्या दिवशी सुनेचाच फोन. “मॅडम, आत्याबाई काल दिवसभर माह्याजवळ फिरकल्या नाहीत. हे इंजेक्शन दर आठवड्याले देता येते काय?”

*

टेक्नेशियम लघवीतून बाहेर पडतं, म्हणून पेशंटचं बाथरूम वेगळं. तरी एकजण मागच्या लिंबाखाली जाऊन आला. रेडिएशन मोजायचं मीटर नेलं तर झाडाशी टिकटिक टिकटिक! आमचे वॉचमन प्रल्हादभाऊ झाडाभोवती दोरी बांधून उभे राहिले.

“झाडाले काय झालं वो?” रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

“स्कॅन चालू आहे!”

*

केनवडचे तुळशीरामभाऊ, भाजीपाला करणारे. बायकोचं, रुक्माबाईंचं, कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. तो हाडांत पसरलाय का, ते पाहायचं होतं. इंजेक्शननंतर तीन तास थांबायचं. मी त्यांना जरा अंतर ठेवून बसायला सांगितलं. भाऊ लांबच्या बाकावर बसले आणि हळूहळू सरकत परत बायकोजवळ आले!

मी रागावले तर भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, “ऑपरेशन झाल्यापासून हासलीच नाही वो ही. कायले दूर बसू?”

स्कॅन झाला. मॅडमनी भाऊंना एकट्यालाच आत बोलावलं.

“हाडं स्वच्छ आहेत. कुठंही पसरलेलं नाही.”

भाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग स्क्रीनवरच्या सांगाड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कवटी, बरगड्या, पाय.

“ही आमचीच काय?”

“हो.”

भाऊ दाराकडे धावले. “रुक्मे, ये लवकर! पाह्य, आतून त हासूनच राह्यली तू!”