बिनउपासाचा बुधवार

आमच्या देबार्क गावात गाशे अस्मारे यांच्याइतके उपास कोणी केले नसतील. चर्चच्या धर्मगुरूंनीसुद्धा नाही, आणि हे मी धर्मगुरूंच्या तोंडावर सांगायला तयार आहे. बुधवार-शुक्रवार आम्ही सगळेच पाळतो. फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी पंचावन्न दिवस मांस, दूध, लोणी, अंडं वर्ज्य, तेही सगळे पाळतात. पण गाशे प्रेषितांचा उपास धरायचे, मरियमचा धरायचे, नाताळाआधीचा धरायचे, आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या संताला नवस बोललेला असायचा. तीन वर्षं हे असं चाललं होतं. आमच्या आचाऱ्याला स्वर्गाच्या दारात रांग लावावी लागणार नाही, असं मीच गावभर सांगत फिरायचो.

मी फेंताहुन. सिमियनच्या डोंगरात पाहुण्यांना चार-चार, आठ-आठ दिवस चालवत नेणारा वाटाड्या. गाशे माझे आचारी. खरं म्हणजे हे उलटं सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी मला या कामात त्यांनीच आणलं. मी त्यांची पातेली घासायचो, आणि ते मला कांद्याला-बटाट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शिकवायचे. त्यांनाही तेवढंच येत होतं. पुढे मला वाटाड्याचा परवाना मिळाला, आणि आचारी वाटाड्याने निवडायचा असतो म्हणून कागदावर मी साहेब झालो. तेव्हापासून मी त्यांना गाशे म्हणतो, मोठ्या भावाला म्हणावं तसं, आणि ते मला अजून 'ए पोरा' म्हणतात.

त्यांच्या हाताला काय गुण होता म्हणून सांगू! वर थंडीत, पत्र्याच्या खोपटात, रॉकेलच्या दोन स्टोव्हवर हा माणूस पातेल्यात केक भाजायचा. त्या उंचीवर भात धड शिजत नाही, वर कच्चा आणि खाली लगदा. गाशे झाकणाजवळ कान नेऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून बडबडतोय, थांब." भात गप्प झाला की उतरवायचे. उपासाच्या दिवसांत आमचे सगळेच आचारी पाहुण्यांचं जेवण न चाखता करतात, मीठ तळहातावर जोखतात. त्यामुळे गाशे पातेल्यात चमचा घालत नाहीत याचं कोणाला नवल वाटत नसे.

यंदा फासिका झाल्यावर पहिल्याच फेरीतून तक्रार आली. पाहुण्यांनी त्यांना आमच्याकडे धाडणाऱ्या गोंदारच्या कंपनीला कळवलं की जेवण एक दिवस खारट, एक दिवस अळणी. कंपनीच्या बाईंचा मला फोन आला. "फेंताहुन, आणखी एक तक्रार आली तर आचारी बदलायचा. हॉटेलात शिकलेली मुलं दारात उभी आहेत." माझं डोकं फिरलं. मी त्यांना चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला, पण गाशेंना काही बोललो नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला काय सांगायचं? पातेल्यांशिवाय या माणसाला मी कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या फेरीला चार पाहुणे होते, डेन्मार्कचे शिक्षक. पहिला मुक्काम सांकाबेरला नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी गीचला पोचलो. पाहुणे गवतात बसलेल्या गेलाडा माकडांचे फोटो काढत होते. गाशे मसुरीचं सूप ढवळत होते आणि आमचा बंदूकवाला राखणदार तिरुनेह दारात बसून प्लास्टिकच्या चपलेचा पट्टा शिवत होता.

"गाशे, जरा चाखून बघा की," मी सहज बोलल्यासारखं बोललो.

"आज बुधवार ना रे पोरा."

तिरुनेह खो खो हसायला लागला. "अहो गाशे, फासिका होऊन तीन आठवडे झाले नाहीत! या पन्नास दिवसांत कसला बुधवार आणि कसला शुक्रवार? आत्ता उपास धरणं हेच पाप. ख्रिस्त उठून बसला, आणि तुम्ही अजून सुतकातच!"

गाशेंचा हात थांबला. आमच्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. फासिकानंतर पन्नास दिवस उपास नाही, हे आम्हाला चालायला येण्याआधी कळतं. "हो की. सवय," ते पुटपुटले. मग चमचाभर सूप तोंडात घेऊन म्हणाले, "ठीक आहे."

ते पाणी आणायला बाहेर गेल्यावर मी चाखलं. मिठाचा कणसुद्धा नव्हता. मी गुपचूप मीठ घातलं. म्हातारपण आलं, विसरायला लागले, असं स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी चेनेकच्या वाटेवर एक खेचर घसरलं. त्याला लागलं नाही, खेचरवाल्यांनी त्याला शिव्या घालत उभं केलं. आम्ही पुढे होतो, त्यामुळे पिठाच्या पोत्याशेजारच्या रॉकेलच्या कॅनचं झाकण सैल झालंय हे कोणी पाहिलं नाही. चार वाजता पाहुणे तंबूत बसले. मी सूप नेलं, सातूचं पीठ लावून दाट केलेलं. झाकण काढलं आणि अख्ख्या तंबूत रॉकेलचा भपकारा सुटला. "हे प्यायचं की पेटवायचं?" एकाने हसत विचारलं. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी मात्र वाडगा हातात पडताच मोठा घोट घेतला होता. त्या तोंडावर हात धरून बाहेर धावल्या.

मी खोपटाकडे पळालो. गाशे त्याच पिठाचा पाव मळत होते. मनगटापर्यंत हात रॉकेलच्या पिठात. दारातच माझे डोळे चुरचुरले.

"आवडलं का रे त्यांना?" त्यांनी विचारलं.

"नाकाचं काय लोणचं घातलंत का, गाशे?" मी ओरडलो. मला अजून त्याची लाज वाटते. "रॉकेल आहे ते! बाई ओकतायत बाहेर!"

त्यांनी हात नाकाशी नेले. एकदा हुंगले. मग पुन्हा, जोरात, लहान मूल हुंगतं तसे. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं होऊन गेली. पावसाळ्यात तो ताप आला होता ना. गेला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला."

"आणि हे सगळे उपास?"

"उपास खरे होते हां. देवाशी लबाडी नाही केली मी." ते बोटांचं पीठ काढत राहिले. "उपासात कोणीच चाखत नाही ना. तेवढे दिवस मी तुमच्यासारखाच असतो."

"इतिये अलगानेशला माहीत आहे?" इतिये म्हणजे त्यांची बायको. मला ती थोरली बहीणच.

"नाही! आणि तू सांगायचं नाहीस. ती रांधते, मी झकास म्हणतो. तीन वर्षं खोटं झकास म्हणत आलो, हे कोणत्या तोंडाने सांगू तिला?"

मला दया यायला हवी होती. आला तो राग. एवढी वर्षं एका खोपटात काढली आणि मला पत्ता लागू दिला नाही! "गाशे, ही तुमची शेवटची फेरी," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. मग साबण घेऊन ओढ्यावर बसले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले. हात धुवायचे आणि तिरुनेहपुढे करायचे. "बघ रे, गेला का वास?" एरवी कोणाला न सोडणारा तिरुनेह दर वेळी वाकून हुंगायचा आणि म्हणायचा, "थोडा आहे, गाशे. अजून एकदा धुवा."

बाईंना सकाळपर्यंत बरं वाटलं. त्या सगळ्यांचा हात हातात घेऊन गेल्या, पण कंपनीला कळायचं ते कळलंच. गाडीतून उतरताना गाशेंनी आपलं पातेलं काखेत मारलं.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. कंपनीचा निरोप समोर बसून सांगावा, एवढी तरी माणुसकी दाखवायला हवी होती. गाशे लाकडं आणायला गेले होते. अलगानेश कॉफीचे दाणे भाजत होती.

"काढलंस ना त्यांना?" मी बसायच्या आत तिने विचारलं. "स्वतःचं पातेलं घेऊन आलेत घरी. ते पातेलं कधी घरी येत नाही."

"इतिये, कारण असं आहे की..."

"कारण मला नको सांगूस. त्या तापानंतरच्या पहिल्या फासिकाला कोंबडीच्या कालवणात मी मीठच विसरले. पंचावन्न दिवसांचा उपास सोडताना यांनी बोटं चाटली! म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा झकास. मला संशय आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. तेही झकास." तिने दाण्यांची कढई जरा जोरातच हलवली. "रडले मी त्या चुलीपाशी."

"मग बोलली का नाहीस?"

"ते सांगतील म्हणून थांबले. तीन वर्षं थांबले. बायकोला एवढं सांगायला माणसाला तीन वर्षं पुरत नाहीत?"

तेवढ्यात गाशे आले. मला पाहून दारातच घुटमळले. अलगानेशने मोळी उतरवून घेतली, त्यांना बसवलं आणि इंजेराच्या भाकरीवर गरम शिरो, म्हणजे आमचं पिठलं, वाढला. मग समोर बसली.

"सांगा, मीठ आहे का यात?"

गाशेंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला काही सांगितलं नाही, अशी मान हलवली. त्यांनी तुकडा तोडला, घास तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिले.

"झका..." ते म्हणाले आणि थांबले. "मला कळत नाही गं. काहीच कळत नाही मला."

ते रडले. मीही रडलो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. अलगानेशने त्याच ताटातला घास स्वतः खाऊन पाहिला. "नाहीये," ती म्हणाली. "घातलंच नव्हतं." तिने चिमूटभर मीठ भुरभुरलं, पुन्हा चाखलं, आणखी थोडं घातलं. मग एक मोठा घास गुंडाळून आपल्या हाताने त्यांच्या तोंडात भरवला.

"आता आहे," ती म्हणाली. "आता बरोबर झालंय. खा."

ते खात राहिले. ती एकेक घास भरवत राहिली. मी उठायला लागलो, तशी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सोमवारी किती पाहुणे आहेत?"

"सहा. पण इतिये, कंपनी..."

"कंपनीला सांग, आचारी बदललाय. आता दोघं आहेत." तिने पुढचा घास गुंडाळला. "आणि माझ्या मापाचे बूट बघून ठेव."