बटण लाल करा, मग चालेल

नंदनवन वस्तीतलं आमचं ऑफिस दोन माणसांचं. वेबसाइट कशी दिसेल ते मी ठरवते, ती चालेल कशी ते प्रफुल्ल बघतो. मी डिझायनर, तो डेव्हलपर. एवढी साधी गोष्ट सात वर्षांत एकालाही पटवता आलेली नाही, आणि आमच्याकडे किस्से साठतात ते त्यामुळेच.

बुटीबोरीच्या एका कारखानदारांना मी डिझाइन पाठवलं. डिझाइन म्हणजे नुसतं चित्र. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, रंग तं लागला. मंग तीन हप्ते काहून लागून राहिले?"

मी म्हटलं, "भाऊ, भिंत अजून उभी व्हायची आहे."

एका लग्नाच्या लॉनवाल्यांच्या साइटवरचं बुकिंगचं बटण बंद पडलं. प्रफुल्लशी बोला, असं सांगितलं तरी ते मलाच धरून बसले. "बटन थोडं लाल करून पाहा न, मॅडम. चालन मंग." वैतागून केलं लाल! नेमका त्याच तासाला प्रफुल्लने आतला बिघाड काढला. आता त्यांच्या ओळखीतले तिघं लाल बटण मागून राहिलेत.

मी दोन दिवस सुट्टीवर गेले, तेव्हा एका दाताच्या डॉक्टरांचं पान प्रफुल्लने स्वतःच सजवलं. सगळं पिवळं. फोटोतल्या प्रत्येक पेशंटचे दातही पिवळे दिसायला लागले. मी जाम भडकले. तो शांतपणे म्हणाला, "पण पान लवकर उघडते न."

कोण काय करतं या घोळापायी प्रफुल्लची दोन स्थळं परत गेली. मुलगा वेबसाइट बनवतो म्हटलं, की लोक म्हणायचे, ती तर त्या मॅडम बनवतात. मला फार वाईट वाटायचं.

तिसरं स्थळ भिवापूरचं, मुलीचे वडील मिरचीचे व्यापारी. मुलीला, समीक्षाला घेऊन हे काका थेट ऑफिसातच आले. माझ्या स्क्रीनवर मसाल्याच्या दुकानाचं डिझाइन होतं, लालभडक मिरच्या आणि 'ऑर्डर द्या' असं हिरवं बटण. काका खूश झाले, पोरगं कामाचं आहे म्हणाले. हे माझं काम, असं मला सांगावं लागलं. मग ते प्रफुल्लच्या स्क्रीनकडे वळले. काळा पडदा, बारीक अक्षरं.

"हे तं अजून सुरूच नाही झालं," काका म्हणाले.

प्रफुल्लचा चेहरा उतरला. समीक्षा पुढे झाली. तिने माझ्या स्क्रीनवरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही, चित्रच ते. मग ती प्रफुल्लच्या टेबलापाशी गेली. त्याने त्याच दुकानाचं त्याच्याकडचं पान उघडून दिलं. रंग नाही, मिरची नाही, नुसतं एक बटण. तिने दाबलं आणि प्रफुल्लच्या खिशातला फोन वाजला. ऑर्डर आली होती.

"हा मेसेज कोणाले जाते?" तिने विचारलं.

"ज्याचा नंबर इथं टाकला, त्याले."

काका अजून माझंच बटण दाबून पाहत होते. समीक्षाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कीबोर्ड प्रफुल्लकडे सरकवला.

"मंग आता माझा टाका."