सुमनबाईंनी मागितलेले पाणी

अडल्यावेळी ज्याने पाणी पाजले त्याला माणूस जन्मभर विसरत नाही, असे आपल्याकडे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. पाथर्डी तालुक्यातल्या कडूबाईला हे मान्य आहे. सुमनबाई तिला एक दिवसही विसरलेल्या नाहीत.

कडूबाई पंचेचाळिशीची, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहणारी. पूर्वी दर हिवाळ्यात नवरा छगनबरोबर ती कोल्हारकडे ऊसतोडीला जात असे. तिथे एका वर्षी गाडीवरून उसाची मोळी तिच्या उजव्या हातावर पडली. कोपर मोडले आणि हाड वाकडे जुळले. त्या हाताने तिला तांब्या उचलता येतो, मातीची पाटी उचलता येत नाही. बहात्तरला पाऊस झाला नाही, तोडणीही बुडाली, आणि गावच्या माळावर पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले. वस्तीच्या टोळीला पाणी पाजायचे काम तिला मिळाले. छगन दम्याने घरी बसलेला होता. चूल तिच्या हजेरीवर पेटत असे.

कामावर टोळ्या वेगळ्या होत्या. गावातल्या शेतकरी घरांची टोळी भरावाच्या वरच्या अंगाला, वस्तीची खालच्या अंगाला. टँकर एकच, पण पाण्याची पिंपे दोन. हे कोणी ठरवले, असे मुकादम भिमाजीला विचारले तर तो म्हणतो, "ठरवायचं काय त्यात? ज्याचं त्यानं वळखलं."

एप्रिलमधली गोष्ट. टँकर आलेला नव्हता आणि वरच्या टोळीचे पिंप कोरडे पडले होते. खालच्या पिंपाच्या तळाशी थोडे पाणी होते. सुमनबाई या गावातल्या बागाईतदार घरच्या. त्यांना कामावर येऊन आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी पाटी टाकून त्या खाली बसल्या आणि तशाच आडव्या झाल्या. रतनबाई नावाची शेजारीण उशाशी बसून पदराने वारा घालू लागली. कडूबाई तांब्या घेऊन वर आली आणि थोडी लांबच थांबली.

"पानी हाय. देऊ का?"

सुमनबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले.

"दे," त्या म्हणाल्या. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "आनखी दे."

कडूबाईने आणखी आणून दिले.

हे प्रकरण तिथेच संपले असते. पण नगरच्या एका साप्ताहिकाचा माणूस त्या आठवड्यात कामावर येऊन गेला. त्याने ही हकिकत नावानिशी छापली आणि दुष्काळाने माणसामाणसांतल्या भिंती पाडल्या असे वर लिहिले. तो अंक शेवगावला सुमनबाईंच्या होणाऱ्या व्याह्यांनी वाचला. त्यांचा निरोप आला. आधी खुलासा करा, मग लग्नाची तारीख धरू.

सुमनबाई खुलासा करायला ओव्हरसियरच्या तंबूत गेल्या. कडूबाईलाही बोलावणे गेले. बाहेर दोन्ही टोळ्या जमल्या.

"मी बेसुद हुते, भाऊसाहेब," सुमनबाई म्हणाल्या. "हिनं मुद्दाम माज्या तोंडात वतलं. बाटवायला."

"डोळं उघडं हुतं तुमचं," कडूबाई म्हणाली.

"डोळं उघडं असलं म्हंजी मानूस सुदीवर असतं व्हय?"

"मंग आनखी दे, आसं कोन म्हनलं? तांब्या म्हनला?"

बाहेर कोणीतरी हसले. भिमाजीने मागे वळून पाहिले आणि हसू बंद झाले.

ओव्हरसियर नवा होता. तक्रार वर जाऊ नये, एवढेच त्याला हवे होते. त्याने साक्षीदार विचारला. कडूबाईने रतनबाईकडे हात केला.

"तू उशाला बसल्ती. सांग की, ह्या काय म्हनल्या ते."

"मला न्हाई ठावं. मी पाठमोरी हुते."

"पाठमोरी बसून वारा घालत हुतीस?"

"तुज्या तोंडाला कोन लागंल, बाई," रतनबाई म्हणाली आणि गर्दीत मागे सरकली.

बाकीच्यांनीही काही पाहिले नव्हते. दुसऱ्या टोळीच्या बाईला न विचारता पाणी पाजले, असा कडूबाईवर ठपका आला. तिचे काम वस्तीतल्याच मनकर्णाला दिले गेले आणि तिला खडी फोडायला बसवले. ती डाव्या हाताने हातोडा चालवू लागली. दिवसाकाठी तिचा ढीग इतरांच्या निम्मा भरे. काम मापावर असल्याने घरी येणारे धान्यही निम्म्यावर आले. छगनने रात्रीचे जेवण सोडले.

सुमनबाईंच्या लेकीचे लग्न मे महिन्यात पार पडले. त्यांना हवे ते मिळाले होते. तरी कडूबाईवरचा त्यांचा राग वाढतच गेला. वरच्या टोळीतल्या इतर बायका खडीच्या ढिगाजवळून गप्प जात. सुमनबाई लुगडे आवरून घेत आणि ऐकू जाईल असे म्हणत, "लांबून चाला गं. ही झोपंतबी पाजती." त्या दुपारी काय घडले ते पक्के जाणणारी बाई रोज वाटेत बसलेली असणे त्यांना सोसत नव्हते. कडूबाईने पाणी दिले नसते तर सुमनबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

मेच्या अखेरीस रतनबाई पाटी घेऊन जाताना त्याच खडीच्या ढिगापाशी कोसळली. कडूबाईचे पाण्याचे मडके शेजारीच होते. तिने हातोडा खाली ठेवला नाही. बसल्या जागेवरून हाक मारली, "मुकादम, तुमची बाई पडली."

भिमाजी भरावावरून पळत आला. त्याच्यामागे वरच्या टोळीतल्या बायका आल्या, सुमनबाईही आल्या.

"मडकं जवळ असून बसून ऱ्हायलीस?" तो म्हणाला. "मानूस हायेस का कोन?"

"पाजते की. दोन साक्षीदार उभे करा आधी," कडूबाई म्हणाली. "हिला पानी पायजे हुतं, आसं उद्या साहेबाफुडं बोलनारे."

भिमाजीने बायकांकडे पाहिले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. कोणी पुढे आले नाही. शेवटी दोन गड्यांनी रतनबाईला उचलले आणि भराव ओलांडून वरच्या पिंपापर्यंत नेले. संध्याकाळपर्यंत ती उठून बसली.

तहानेल्याला पाणी न देणारी बाई, अशी कडूबाईची ओळख आता गावात सांगतात. सांगणाऱ्यांत सुमनबाई पहिल्या असतात.