कमानीची दुपारची बाजू

चपलावाल्यानं मला फसवलं. भडकल दरवाजाखाली बारा वर्षं शेजारी बसला आणि माझी जागा स्वतःच्या नावावर लिहून घेतली.

हा दरवाजा निजामशाहीच्या वजिरानं बांधला, मुघल फौजेला हरवलं म्हणून. कमानीच्या एका पायाशी तो चपला मांडायचा, दुसऱ्या पायाशी मी जुनी कुलपं. फुलंब्रीहून मी रिकाम्या हातानं आलो होतो. ती हातभर जागा भांडून मिळवली होती. सकाळची सावली त्याच्या बाजूला, दुपारची माझ्या. उन्हानं चपलांचे तळ चिकटवलेलं सोल्युशन सुटतं, असं रडगाणं त्यानं लावलं तेव्हा मी सौदा केला. दुपारची अजान झाली की जागा बदलायची. उन्हात मी बसायचं. बदल्यात, मी खरेदीला गेलो की माझं गाठोडं त्यानं राखायचं. कुलपांना ऊन लागत नाही. मला लागायचं, ते मी सौद्यात धरलं नाही.

पुढं कमानीखाली बसणाऱ्यांची नोंद करायला एक साहेब आला, तोही दुपारी. मी कुलपं आणायला फुलंब्रीला गेलो होतो. चपलावाला माझ्या सावलीत, माझ्याच गाठोड्याला टेकून बसला होता. जागा कुठली, असं साहेबानं विचारलं आणि दोन्ही बाजू याच्या नावावर लिहून तो निघून गेला.

मी जाब विचारला तर हा चपला पुसत म्हणाला, "भाऊ, खोटं कुठं बोललो? सकाळी तिकडं, दुपारी इकडं. तुम्हीच तर बसवलं मला."

"गाठोडं कुणाचं, ते का नाय सांगितलं?"

"त्यांनी इचारलंच नाय."

मी त्याच्या चपलांची रास लाथेनं उडवली. तेवढंच लोकांनी पाहिलं. नोंद बदलून घ्यायला साहेबाच्या कचेरीत गेलो तेव्हा माझ्याआधी माझी दांडगाई तिथं पोचली होती.

आता मी बजाजनगरात रस्त्याकडेला बसतो. तिथं जुनी कुलपं कोण घेतं? आणि हा कमानीखाली दोन्ही बाजूंना पाय पसरून बसलाय, जसं काही मुघलांना यानंच पिटाळलं. वजिरानं निदान समोर उभ्या असलेल्या फौजेला हरवलं होतं. यानं हरवलं ते गावाला गेलेल्या शेजाऱ्याला.

साहेबानं सांगावं, नाहीतर चपलावाल्यानं त्याच कमानीखाली चार माणसांत उभं राहून सांगावं: दुपारी तो माझ्या बाजूला यायचा, तर सकाळी तिथं कोण बसायचं?