तव्यावर भाजलेली काजळी

माझ्या आईचा कुठल्याही कच्च्या वस्तूवर विश्वास नाही. रवा, तीळ, शेंगदाणे, बार्शीटाकळीहून अमरावतीला माझ्या खोलीवर जे यायचं ते तव्यावरून फिरूनच यायचं. भाजलं की टिकतं, एवढं सोपं तिचं शास्त्र.

मी पीएच.डी. करत होते डिझेलच्या काजळीवर. लोक काजळी धुतात आणि आमची पोरगी जमवते, असं नातेवाईक म्हणायचे. मी मनावर घेत नसे, कारण मला ती खरोखर आवडायची. ताज्या काजळीच्या कणात कार्बनचे पदर घाईत कोंबलेल्या कपड्यांसारखे अस्ताव्यस्त असतात, वर तेलाचा पातळ लेप. त्यामुळे ती चटकन पेटते. हवा बंद करून भट्टीत खूप तापवली, की तेल उडून जातं, पदर नीट घडी घालून बसतात आणि मग तीच काजळी जळायला कुरकुर करते. किती तापवल्यावर किती हट्टी होते, हे मला मोजायचं होतं.

आमच्या भाजीच्या मळ्यातल्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं. दिवाळीत मी त्याच्या सायलेन्सरमधून छोटी बाटलीभर काजळी आणली. पुढे बाबांनी सोलर पंप बसवला. इंजिन भंगारात द्यायच्या आधी त्यांनी उरलीसुरली सगळी खरवडली आणि आईनं ती स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं पाठवली.

डब्यातली काजळी बाटलीतल्यासारखी पेटेचना. दोन महिने मी प्रयोगशाळेतल्या यंत्राला शिव्या घातल्या, दुरुस्तीवाल्याशी भांडले. शेवटी घरी फोन केला आणि डबा भरताना काय केलं होतं, ते विचारलं.

"तेलकट होती वं," आई म्हणाली. "तशीच कशी पाठवू? तव्यावर परतली घंटाभर."

मी रडले आणि नंतर खूप हसले. आई मात्र हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "माह्यामुळे तू नापास होशीन काय?"

मी नाही म्हटलं, पण खात्री मलाही नव्हती. इंजिन गेलं होतं, दुसरी काजळी मिळणार नव्हती. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तोड काढली: बाटलीतली ताजी, तव्यावरची आणि भट्टीतली अशा तीन पायऱ्या प्रबंधात मांडायच्या. आकडे सुरेख जुळले, तव्यावरची बरोबर दोघींच्या मधे बसली. पण तव्याचं तापमान काय, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यावर अर्धा प्रबंध टांगलेला होता. आई तर त्या वर्षभरात काजळीचं नावही काढत नव्हती.

तोंडी परीक्षेला ती आणि बाबा शेवटच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी खरं ते सांगितलं, की मोजलं नव्हतं. काजळी भाजणारी बाई मागे बसली आहे, हेही सांगितलं.

आई उभी राहिली. "सायेब, आधी पान्याचा थेंब टाकून पायला. तो चर्र करून आटला नाई, गोळी होऊन तव्यावर पयत होता. तवा तसा तापला, मंगच काजळी टाकली. मंग आच तेवढीच ठेवली."

थेंब असा पळायला तवा साधारण दोनशे अंशांवर लागतो, असं परीक्षक माझ्या मार्गदर्शक बाईंना म्हणाले. मग त्यांनी पेन उघडलं आणि आईला तेच पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं.